डिझेल नावाचा माणूस

पेट्रोल पंपावरच्या पाटीपासून अर्थसंकल्पाच्या चर्चेपर्यंत रोज उच्चारला जाणारा डिझेल हा शब्द एका माणसाचे आडनाव आहे, याची आठवण सहसा कोणाला होत नाही. वॅट, व्होल्टा, अँपिअर ही मंडळी निदान शाळेच्या पुस्तकात चित्रासह भेटतात. डिझेलच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्याचे नाव आधी यंत्राला मिळाले, मग यंत्रात जळणाऱ्या इंधनाला, आणि या दोहोंच्या मागे माणूस पार दिसेनासा झाला. गंमत अशी की, आज ज्या इंधनाला डिझेल म्हणतात ते रुडॉल्फ डिझेलने शोधलेले नाही. त्याने शोधले ते इंजिन. त्यात काय जाळावे याविषयी तो अखेरपर्यंत उदार होता.

या उदारपणामुळेच त्याच्या नावाभोवती एक दंतकथा तयार झाली. जुन्या डिझेल मोटारीत खाद्यतेल तापवून वापरणारे हौशी लोक युरोप-अमेरिकेत बरेच निघाले. २००० नंतरच्या दशकात खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हा या हौसेला विशेष जोर आला. त्यांच्यात हमखास सांगितली जाणारी कथा अशी की, डिझेलने आपले इंजिन मुळात शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवले, तेलसम्राटांना ते खपले नाही आणि म्हणून त्याचा काटा काढण्यात आला. कथा ऐकायला रंगतदार आहे. खरी हकीकत मात्र अधिक गुंतागुंतीची आणि अधिक करुण आहे.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. वडील थिओडोर हे बव्हेरियातील ऑग्सबर्गचे, पुस्तकबांधणीच्या व्यवसायातले. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू बनवीत आणि तयार माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. घरची परिस्थिती जेमतेम. मुलाचा ओढा मात्र शहरातील यंत्रांच्या संग्रहालयाकडे होता. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मन एका रात्रीत परके झाले. डिझेल कुटुंबाला लंडन गाठावे लागले. तिथे सगळ्यांचे पोट भरेना, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला काकांकडे धाडण्यात आले. हे काका, क्रिस्टोफ बार्निकेल, तिथल्या औद्योगिक शाळेत गणित शिकवीत. निर्वासित पोराला त्यांच्या घरी आसरा मिळाला, शिस्त मिळाली आणि गणितही मिळाले. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना कळवून टाकले की, आपण इंजिनियर होणार. घरच्यांची इच्छा त्याने लवकर कमवायला लागावे अशी होती. पण शाळेत तो पहिला आला, शिष्यवृत्ती मिळाली आणि १८७५ मध्ये तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिजचे मूळ ज्यांच्या संशोधनात आहे तेच हे लिंडे. उष्णता आणि काम यांचे नाते हा त्यांच्या व्याख्यानांचा विषय. फ्रेंच इंजिनियर सादी कार्नो याने अर्धशतकापूर्वी मांडलेला सिद्धांत वर्गात शिकवला गेला आणि वाफेचे इंजिन किती उधळे आहे हे विद्यार्थ्यांना आकड्यांनिशी उमगले. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनातसुद्धा कोळशाच्या उष्णतेपैकी दहा टक्केही प्रत्यक्ष कामाला येत नसत. उरलेली सारी धुराड्यातून आणि थंड पाण्यातून वाया जाई. ही उधळपट्टी डिझेलच्या मनात सलत राहिली. गरिबीत वाढलेल्या मुलाला ती अधिकच सलली असल्यास नवल नाही.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला. पुढच्या परीक्षेची वाट पाहताना त्याने स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर यांच्या कारखान्यात हात काळे केले, १८८० च्या प्रारंभी उत्तम गुणांनी पदवी घेतली आणि लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्याचे काम पाहण्यासाठी तो पुन्हा पॅरिसला आला. पुढची दहा वर्षे तो बर्फ बनवीत होता. जगातील सर्वांत उष्ण सिलिंडरचा विचार करणाऱ्या माणसाची उमेदीची वर्षे गारठा विकण्यात गेली! १८८३ मध्ये त्याने मार्था फ्लाशे हिच्याशी विवाह केला. दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. नोकरीच्या जोडीला त्याचे प्रयोग चालूच होते. अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करण्यात त्याने कित्येक वर्षे घालवली आणि ते साधले नाही. पण दाब, उष्णता आणि वायू यांच्याशी झालेली ही झटापट वाया गेली नाही.

सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, हा अनुभव सर्वांना आहे. हवा दाबली की तापते. डिझेलची कल्पना एवढ्याच गोष्टीवर उभी आहे. सिलिंडरमध्ये निव्वळ हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की तिचे तापमान पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाईल. त्या धगधगत्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला की तो आपसूक पेटतो. ठिणगी नको, ज्योत नको. हवा जितकी जास्त दाबावी तितकी इंधनातून जास्त शक्ती पदरात पडते, हे कार्नोचे गणित त्यामागे होते. १८९२ मध्ये त्याने बर्लिनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळाले आणि त्याच वर्षी वाफेच्या इंजिनाची जागा घेऊ शकणाऱ्या तर्कशुद्ध उष्णता-यंत्रावरचे त्याचे पुस्तकही निघाले.

हे यंत्र कोणासाठी हवे, याचेही चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होते. वाफेचे इंजिन अवाढव्य आणि महाग, म्हणून ते फक्त मोठ्या गिरणीमालकांना परवडे. सुतार, विणकर, घड्याळजी, छोटे कारखानदार त्यामुळे देशोधडीला लागत होते. अशा कारागिरांच्या दारात मावेल, मिळेल त्या इंधनावर चालेल आणि खर्चाला परवडेल असे इंजिन डिझेलला हवे होते. प्रारंभी कोळशाची भुकटी जाळण्याचाही त्याचा विचार होता. शेंगदाण्याचे तेल मात्र तेव्हा त्याच्या गावीही नव्हते.

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे संचालक हाइनरिख फॉन बुट्स यांनी या बर्फवाल्या इंजिनियरवर विश्वास टाकला आणि क्रुप यांनी पैशाचा भार उचलला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात प्रथमच इंधन सोडण्यात आले. ते पेटले, आणि असे पेटले की सिलिंडरवर बसवलेले दाब मोजण्याचे उपकरण फुटून उडाले. यंत्र स्वतःच्या बळावर चालले नाही, पण कल्पना खरी ठरली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते प्रथमच आपले आपण चालले, जेमतेम मिनिटभर. त्यानंतरची तीन वर्षे नुसत्या झगड्याची. कागदावर मांडलेला प्रचंड दाब पोलादाला झेपेना, तो कितीतरी कमी करावा लागला. इंधनाचा फवारा नीट होईना, म्हणून दाबलेल्या हवेच्या झोताने ते आत उडवण्याची सोय करावी लागली आणि त्यासाठी इंजिनाला आणखी एक जड हवेचा पंप चिकटला. कारागिराच्या दारात मावणारे इंजिन कारखान्याच्या छताला टेकू लागले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांनी तिसऱ्या यंत्राची अधिकृत चाचणी घेतली. एक सिलिंडर, १५४ फेरे, सुमारे १८ अश्वशक्ती आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. जगातील कोणतेही उष्णता-यंत्र तोवर इथवर पोचले नव्हते.

कीर्ती आली आणि तिच्यामागे पैसा. अमेरिकेतील हक्कांसाठी सेंट लुईचे बिअरसम्राट अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. १८९८ मध्ये हक्कांची व्यवस्था पाहण्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. म्युनिकमध्ये डिझेलने राजेशाही हवेली बांधली. पण बाजारात गेलेली पहिली इंजिने वारंवार बंद पडू लागली, गिऱ्हाइके चिडली, पेटंटचे वाद पेटले आणि डोकेदुखीने आधीच बेजार झालेला डिझेल त्याच वर्षी मानसिक थकव्याने आरोग्यधामात दाखल झाला. यंत्राच्या बाबतीत सूक्ष्म हिशेब करणारा हा माणूस पैशाच्या बाबतीत भोळा होता. जमिनीच्या आणि तेलक्षेत्रांच्या सट्ट्यात त्याचे पैसे बुडत गेले. १९०३ मध्ये त्याने कामगारांनी एकत्र येऊन स्वतःच उद्योगांचे मालक व्हावे अशी योजना मांडणारे पुस्तक लिहिले. आपल्या यंत्रापेक्षा या विचाराचे मोल त्याला अधिक वाटे. लोकांना तसे वाटले नाही.

आता शेंगदाण्याकडे वळायला हवे. १९०० मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तिथे मांडलेल्या डिझेल इंजिनांपैकी ऑटो कंपनीचे एक लहान इंजिन फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून शेंगदाण्याच्या तेलावर चालवण्यात आले. ही कल्पना डिझेलची नव्हती. फ्रान्सच्या आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असे आणि बाहेरून कोळसा वा तेल न आणता तिथल्या तिथे यंत्रे चालावीत, असा सरकारचा हिशेब होता. म्हणजे मुळात हा वसाहतवादी काटकसरीचा प्रयोग. खनिज तेलासाठी बनवलेले ते इंजिन काही फेरफार न करता इतके सुरळीत चालले की, आत काय जळते आहे हे फारच थोड्यांच्या ध्यानात आले. ही सारी हकीकत पुढे डिझेलनेच नोंदवली आहे. नंतर त्याने स्वतःही तसे प्रयोग केले, आणि सेंट पीटर्सबर्गला एरंडेलावर इंजिन चालवल्याचीही त्याने नोंद घेतली. मार्च १९१२ मध्ये लंडनच्या यंत्र-इंजिनियरांपुढे निबंध वाचताना तो सांगून गेला की, वनस्पती तेलांचा हा वापर आज किरकोळ वाटला तरी कालांतराने ती तेले खनिज तेल आणि डांबरापासून निघणाऱ्या तेलांइतकीच महत्त्वाची ठरू शकतील. सूर्याच्या उष्णतेतून शेतात उगवणारी ऊर्जा खाणीतले साठे संपल्यावरही हाती राहील, हे त्याने ओळखले होते. दंतकथेत सत्याचा अंश आहे तो एवढा. तेल त्याचे नव्हते, पण दूरदृष्टी त्याची होती.

मग पॅरिसमध्ये जे तेल निमूटपणे जळले, ते आजच्या मोटारीत ओतण्याआधी तापवावे का लागते? याचे उत्तर डिझेलच्या पश्चात घडलेल्या गोष्टींत आहे. त्याची इंजिने मोठी, संथ, एका जागी रोवलेली होती आणि हवेचा जोरकस झोत घट्ट तेलालाही फोडून काढीत असे. १९२० च्या दशकात बॉश यांच्या कारखान्याने इंधनाचा नेमका थेंब थेट दाबाने आत सोडणारा पंप तयार केला. हवेचा अवजड पंप गेला आणि इंजिन मालमोटारीत, मग १९३६ मध्ये मर्सिडीजच्या '२६० डी' या मोटारीत जाऊन बसले. पण या नाजूक पंपाला आणि सुईएवढ्या छिद्रांना पातळ इंधनच मानवते. शुद्धीकरण कारखान्यांतून तसे पातळ खनिज तेल मुबलक मिळू लागले, पंप त्याच्या मापाने घडले आणि त्या तेलालाच डिझेल हे नाव चिकटले. कोणाच्या कटाची इथे गरज नव्हती. स्वस्ताईने ते काम केले.

खाद्यतेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते. थंडीत बाटलीतले खोबरेल कसे गोठते हे ठाऊक असलेल्या वाचकाला पुढचे सांगायला नको. असे तेल थंड इंजिनात गेले तर त्याचा फवारा होत नाही, थेंब होतात. ते अर्धवट जळतात, छिद्रांच्या तोंडाशी काजळीचे कवच धरते, काही तेल पिस्टनच्या कड्यांवरून खाली झिरपून वंगणात मिसळते आणि वंगणाचा डिंक होतो. तेल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवले की त्याचा घट्टपणा बराच उतरतो. म्हणून हौशी मंडळी मोटारीत दुसरी टाकी बसवतात. गाडी साध्या डिझेलवर सुरू करायची, इंजिन थंड ठेवणारे पाणी तापले की ते तेलाच्या नळीभोवती खेळवून तेल गरम करायचे आणि मग तोटी फिरवायची. गाडी बंद करण्याआधी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर यायचे, कारण पंपात राहिलेले तेल निवून घट्ट झाले तर सकाळी गाडी हलायची नाही. काही जण तेलात थोडे डिझेल मिसळून मिश्रणच तापवतात. त्याने घट्टपणा कमी होतो, धोका पुरता जात नाही. हॉटेलांतले तळणीचे तेल वापरायचे तर आधी ते तापवून, निवळू देऊन पाणी आणि गाळ काढावा लागतो.

हे सारे सोसते ते जुन्या इंजिनांनाच. १९७६ ते १९८५ या काळातील मर्सिडीजच्या '२४० डी' आणि '३०० डी' या मोटारी या मंडळींच्या विशेष लाडक्या. त्यांत इंधन आधी एका छोट्या तप्त कोठडीत पेटते आणि मग मुख्य सिलिंडरमध्ये पसरते, त्यामुळे फवाऱ्यातली उणीव बरीचशी खपून जाते. पंपही दणकट. १९९० च्या दशकाअखेर आलेल्या, अतिउच्च दाबाच्या आणि संगणकाने चालणाऱ्या इंजिनांना असली थट्टा सोसत नाही. जर्मनीत लुडविग एल्सबेट या इंजिनियरने १९७० च्या दशकापासून खास वनस्पती तेलासाठी इंजिने रचली. दुसरी वाट तेलच बदलण्याची. ब्रुसेल्स विद्यापीठातील शाव्हान यांनी १९३७ मध्ये तिचे पेटंट घेतले. आज बायोडिझेल म्हणतात ते हेच. खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर आयात करणाऱ्या भारतात ताजे गोडेतेल गाडीत ओतणे हा शहाणपणा नव्हे. वापरून टाकाऊ झालेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची मोहीम मात्र देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये हाती घेतली.

लंडनच्या त्या निबंधाच्या वेळी डिझेलचे यंत्र भरात होते. डेन्मार्कमध्ये बांधलेले 'सेलांडिया' हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज १९१२ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनहून बँकॉककडे निघाले, तेव्हा वाटेत लंडनला खुद्द विन्स्टन चर्चिल ते पाहायला आले. पाणबुड्यांनाही हेच इंजिन हवे होते. जर्मन आरमाराची डिझेलवर चालणारी पहिली पाणबुडी १९१३ मध्ये सेवेत रुजू झाली. यंत्राची भरभराट होत होती आणि त्याच्या जनकाची झोळी रिकामी होत होती. मुख्य पेटंटांची मुदत संपलेली, हवेली गहाण, कर्जाचे आकडे मालमत्तेच्या पुढे गेलेले. त्यात १९१३ मध्ये एका जर्मन प्राध्यापकाने डिझेलचे श्रेय हीच एक दंतकथा असल्याचे सांगणारे पुस्तक काढले. पेटंटमध्ये लिहिलेले इंजिन आणि प्रत्यक्ष चालणारे इंजिन एक नाही, हा त्यातला आक्षेप अगदी निराधारही नव्हता. स्वतः डिझेलने त्याच वर्षी आपल्या इंजिनाच्या जन्माची हकीकत ग्रंथरूपाने मांडली.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी तो बेल्जियममधील अँटवर्पहून 'ड्रेस्डेन' या बोटीने इंग्लंडला निघाला. तिथल्या नव्या डिझेल कारखान्याचे काम होते. बरोबर गेंटचे कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि एक इंजिनियर होते. तिघांनी एकत्र भोजन केले, डेकवर गप्पा मारल्या आणि दहाच्या सुमारास डिझेल, सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून, आपल्या केबिनकडे गेला. सकाळी केबिन रिकामी होती. बिछाना जसाच्या तसा, त्यावर रात्रीचे कपडे काढून ठेवलेले, घड्याळ पडल्या पडल्या दिसेल असे टांगलेले. त्याची टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट मागच्या कठड्याजवळ सापडला. रोजनिशीत त्या तारखेपुढे पेन्सिलीने एक फुली काढलेली होती.

दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत दिसले. ते इतके कुजलेले होते की, खलाशांनी अंगावरच्या चार वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, चष्म्याचे घर, खिशातला चाकू. धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वडिलांच्या म्हणून ओळखल्या. निघण्यापूर्वी डिझेलने पत्नीकडे एक बॅग देऊन ती आठवडाभर उघडू नये असे बजावले होते. ती उघडली तेव्हा आत रोख रक्कम निघाली आणि बँकेतील खाती रिकामी झाल्याचे दाखवणारी कागदपत्रे.

ब्रिटिश हेरांनी त्याला संपवले, कोळसासम्राटांनी संपवले, जर्मन आरमाराने पाणबुड्यांचे गुपित फुटू नये म्हणून संपवले, अशा वदंता तेव्हाही उठल्या आणि अद्याप विझलेल्या नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने तर तो मेलाच नाही, असे प्रतिपादन केले. पुरावा कशालाच नाही. रिकामी खाती आणि रोजनिशीतली फुली मात्र कल्पनेतून आलेली नाही. वडिलांचे चरित्र लिहिणाऱ्या ऑयगेननेही आत्महत्येचाच निष्कर्ष काढला.

कारागिराच्या दारात मावणारे डिझेल इंजिन त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९३३ मध्ये, जपानमध्ये तयार झाले. शेतकऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते यानमार कंपनीचे मागोकिची यामाओका यांनी बनवले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि महाराष्ट्रातल्या विहिरींवर जे धडधडू लागले, त्याला शेतकऱ्याने नुसते इंजिन म्हटले. डिझेलची कबर कुठेच नाही. यामाओका यांनी १९५७ मध्ये ऑग्सबर्गच्या एका उद्यानात जपानहून मोठमोठ्या शिळा आणून त्याचे स्मारक उभारले.